ग्रेट गेबलच्या माथ्यावरून

प्रिय मित्रा,

मँचेस्टरला परतून दोन दिवस झाले तरी बूट ओलेच आहेत. हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या डोंगर-तळ्यांच्या मुलखात, आम्ही नऊ भिडू तीन दिवस चाललो. ग्रास्मिअरहून बॉरोडेल, तिथून वॉस्डेल हेड आणि शेवटच्या दिवशी दोन खिंडी ओलांडून बटरमिअर. इकडे अशा उघड्याबोडक्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात. उंचीच्या आकड्यांवर जाऊ नकोस. इंग्लंडमधला सर्वांत उंच माथा स्कॉफेल पाइक ९७८ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६. पण इथे पायथाच सव्वाशे मीटरच्या आसपास, म्हणजे चढ चांगलाच उरतो. त्यात पाऊस! दुसऱ्या दिवशी जिथून निघालो त्या सीथवेटला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरच्या मानाने कमी, पण बारा महिने.

राजगड-तोरण्याला तू नेहमी सगळ्यांच्या मागे चालायचास, कुणी सुटू नये म्हणून. इथे ते काम मी मागून घेतलं. स्टाय हेड खिंडीपर्यंत वाट सरळ होती. ग्रेट गेबलच्या चढाला लागलो आणि धुकं उतरलं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना, बाजूला घसारा. आम्ही थांबून थांबून एकमेकांना हाका मारत वर गेलो. संजीवनी माचीवरून उतरून आपली वाट चुकली होती ना, तो दिवस आठवत होता सारखा.

माथ्यावर, ८९९ मीटरवर, खडकात ब्राँझची एक पाटी बसवली आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या सभासदांसाठी इथल्या फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लबने पुतळा उभारला नाही. त्यांनी हा डोंगर आणि भोवतालचे माथे विकत घेतले आणि नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकले, सगळ्यांना कायम मोकळे राहावेत म्हणून. मूळ पाटी १९२४ सालची. स्कॉफेल पाइकचा माथाही १९१९ मध्ये असाच, युद्धात गेलेल्या इथल्या माणसांच्या स्मरणार्थ दिलेला. दरवर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी शेकडो लोक गेबल चढून येतात आणि अकरा वाजता दोन मिनिटं गप्प उभे राहतात.

आम्हीही उभे राहिलो, कुणी न सांगता. स्मारक म्हणून डोंगर देणं मला फार मोठं वाटलं. आणि त्या पाटीवरची नावं वाचताना मला तुझे पणजोबा आठवले. साताऱ्याकडचं तुमचं घर, माजघरातली ती जाड ब्राँझची चकती, युद्धात गेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने नाव घालून पाठवलेली. मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले ते परतलेच नाहीत, एवढंच आजी सांगायच्या. लहानपणी आपण त्या चकतीवरून बोटं फिरवायचो, पण नाव काही केल्या आठवेना. मला खरंच लाज वाटली.

पुढे स्कॉफेल पाइक झाला, अंधार पडता पडता वॉस्डेलला उतरलो. तिसऱ्या दिवशी ऊन होतं. करड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हर्डविक मेंढ्या सगळीकडे. कुंपण नसलं तरी त्या आपला डोंगर सोडत नाहीत, कोकरं आईमागे फिरून हद्द शिकतात. तुला फार आवडल्या असत्या.

नोव्हेंबरात मी पुन्हा गेबलवर जाणार आहे. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव. आणि गावी गेलास की चकतीवरचं नाव जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, मला लिहून पाठव.

तुझाच