मीटर हातात दिलात, त्याबद्दल

आदरणीय तात्या यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गाडीदुरुस्तीच्या टपरीवर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घ्या गुरुजी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. पाटण ते कोयनानगर या पट्ट्यात मोटरसायकलवर पोट असलेली माणसं पुष्कळ आहेत. वाडीवस्तीवरच्या शाळांचे शिक्षक, आशाताई, दूध घालणारे, टपाल पोचवणारे. पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'कट कट' ऐकू येतं आणि मग बॅटरीवर बॅटरी बदलली जाते. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या गाडीचं दुखणं तुम्हाला पाठ आहे. बॅटरी चार्ज करून आणावी, काही दिवस चालावी, पुन्हा बसावी. गाडीला किक नाही, त्यामुळे चढावर बंद पडली की ढकलण्यावाचून गत नाही. आधीच्या गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवली. तीही बसली, तेव्हा कॉइल प्लेट (इंजिनमध्ये वीज तयार करणारी) गेली असेल, शिवाय आरआर युनिटही (ती वीज डीसी करून बॅटरीला बेताने देणारं) बदलून टाकू, असं ठरलं होतं. मोजून कुणीच काही बघितलं नव्हतं. खर्चाचा आकडा मात्र तयार होता.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवलीत आणि सकाळी मल्टिमीटरचा नॉब २० व्होल्ट डीसीवर आणून तो माझ्याच हातात दिलात. "लाल प्लसला, काळी मायनसला. आकडा वाचा." १२.६. स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६च्या वर असेल तर भरलेली, १२च्या आसपास आली तर जवळपास रिकामी. मग सेल्फ मारायला लावलात. त्या क्षणी आकडा खाली येणारच, पण दहाच्या फार खाली गेला नाही तर बॅटरीत दम आहे. माझ्या बॅटरीत दम होता. म्हणजे जिला सगळे दोष देत होते तिचा काही दोषच नव्हता.

पुढे गाडी चालू ठेवून रेस वाढवली. चार-साडेचार हजार आरपीएमला बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे १२.७च्या पुढे काटा जाईना (तुमचा मीटर आकड्यांचा आहे, तरी तुमच्या तोंडी अजून 'काटा'च असतो, आणि आता माझ्याही). "चार्जिंग पोचत नाही," तुम्ही म्हणालात, "पण तयार होतंय का नाही ते अजून ठरायचंय." या एका वाक्यासाठी मी तुमचा ऋणी आहे. तयार न होणं आणि न पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या खर्चात काही हजारांचं अंतर आहे.

कॉइल प्लेटकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) सोडवलात, नॉब एसीवर फिरवलात आणि जोडीजोडीने मोजायला सांगितलंत. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. रेस दिल्यावर तिथे ५० व्होल्टच्या वर एसी येतो, म्हणून बोटं लांब. "आकडा गाडीगाडीप्रमाणे बदलतो. तिन्ही सारखे हवेत." सारखे होते. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर बॉडीशी तपासली, कुठेही अर्थ लागत नव्हता, म्हणजे वायर बॉडीला टेकलेली नव्हती. कॉइल प्लेट शाबूत. ज्या वस्तूची किंमत मी मनातल्या मनात जुळवत होतो, ती बदलायचीच नव्हती.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहितोय.

आरआर युनिटकडून बॅटरीकडे जाणारी लाल वायर मी बीपवर (वायर सलग असली की मीटर वाजतो) तपासली. मीटर खणखणीत वाजला. मला वाटलं, वायर ठीक. तुम्ही म्हणालात, "आवाजाला भुलू नका. मोटरचं पाणी शेताच्या टोकाला पोचत नसलं तर पाईप आरपार आहे एवढं बघून भागतं का? आत किती चोंदलंय ते बघायला मोटर चालू पाहिजे." मग गाडी चालू ठेवून नॉब पुन्हा डीसीवर आणलात. एक प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) युनिटच्या आउटपुटला, दुसरा बॅटरीच्या प्लसला. दोन्ही टोकं एकाच वायरीची, म्हणजे फरक शून्याजवळ हवा, फार तर ०.२ व्होल्ट. मीटरने १.८ दाखवले.

घरी जाऊन मी वहीत हिशेब मांडला. २०१७च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू असतो. तो, इग्निशन आणि बॅटरीचं थोडं चार्जिंग धरून त्या वायरीतून पाचेक अँपिअर जात असतील, तर १.८ व्होल्ट खाणारा अडथळा जेमतेम ०.३६ ओहमचा होतो. आपल्या साध्या मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी तेवढे पॉइंट दिसतात! मग तो अडथळा रेझिस्टन्स मोजून दिसणार कसा, आणि बीप का थांबावी? मीटर तपासणीसाठी अगदी किंचित करंट सोडतो. तारेतली एक बट शाबूत असली तरी तेवढा सहज पार होतो. खरा भार आला की तीच जागा नऊ वॅट उष्णता धरून बसते.

तुम्ही एक प्रोब बॅटरीवरच ठेवून दुसरा वायरीवरून एकेक टप्पा पुढे सरकवलात. फ्यूजच्या अलीकडे फरक तसाच, सीटखालच्या कपलरच्या एका बाजूला १.७, दुसऱ्या बाजूला ०.१. कपलर उघडला तर पिनांवर हिरवा गंज आणि प्लॅस्टिक तपकिरी झालेलं. चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात सीटखाली पाणी शिरणारच. दोन पिना नव्या टाकल्यात, दाबून बसवल्यात, वर ग्रीस. बॅटरीवर १४.२ आले. मजुरी तुम्ही इतकी कमी सांगितलीत की ती इथे लिहायला मला संकोच वाटतो.

तुम्ही तिथेच थांबला नाहीत. टपरीवर गिऱ्हाईक उभं असताना मला अँपिअर मोजायचे नियम दोनदा म्हणायला लावलेत. चावी बंद, मायनस टर्मिनल काढायचं, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर त्या वाटेतच बसवायचा. मोजमाप चालू असताना सेल्फ मारायचा नाही. काम झालं की लाल प्रोब आधी परत व्होल्टच्या भोकात, कारण अँपिअरवर असलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर तो थेट शॉर्टच. हा नियम जो पाळणार नाही त्याच्या हातात मीटर द्यायचा नाही, असं तुम्ही मला बजावलंत. मी तो तसाच पुढे सांगतो.

त्याचा उपयोगही झाला. आमच्या केंद्रातल्या एका बाईंची गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की उठत नसे. मोजलं तर चावी बंद असताना ८० मिलिअँपिअर जात होते. मोबाइल चार्जर थेट बॅटरीवर जोडलेला होता. दिवसाला जवळपास दोन अँपिअर-अवर, आणि बॅटरी पाचची. तो चावीनंतरच्या लाइनवर घेतला. त्यांनी माझे आभार मानले, ते तुमच्याकडे पोचते करतो.

मीटर मी शाळेतही नेतो. सातवीच्या मुलांनी टॉर्चचे जुने-नवे सेल मोजून वेगळे केले. अँपिअर, व्होल्ट, ओहम मोजायला तीन उपकरणं वागवण्याला कंटाळून ब्रिटिश पोस्टखात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनिअरने तिन्ही एकात आणली आणि १९२३ मध्ये तो मीटर बाजारात आला, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "पोस्टातला माणूस?" तिला तुमच्याकडे घेऊन यायचं आहे. आयटीआयच्या ट्रेडची माहिती माझ्यापेक्षा तुम्ही नीट सांगाल.

कपलर मी गेल्या रविवारी पुन्हा मोजला. फरक ०.१वरच आहे. आता क्लच स्विच मधूनमधून सेल्फ तोडतो आहे असा संशय आहे. लिव्हर दाबून आणि सोडून दोन्हीकडचे आकडे लिहून ठेवलेत. सोमवारी बाजारच्या दिवशी वही घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
वाडीवरच्या शाळेतला गुरुजी