गोणीचे घर बांधा, पण वाळूच्या मागे लागू नका

संपादक महोदय,

लाकडी सांगाडा आणि वाळूच्या गोण्यांच्या स्वस्त घरांची माहिती आपल्या वास्तुपुरवणीत आल्यापासून शहापूर, मुरबाड, पनवेलकडे गुंठा-दोन गुंठे जागा असलेली मंडळी ‘आपल्याकडे जमेल का?’ असे विचारू लागली आहेत. जमेल, पण वाळू वगळून.

ही पद्धत ज्या घरांमुळे गाजली ती दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या मिचेल्स प्लेन भागात, फ्रीडम पार्क वस्तीत आहेत. एमएमए आर्किटेक्ट्सने आखलेल्या या दुमजली घरांना २००८ मध्ये करी स्टोन डिझाइन पुरस्कार मिळाला. पण ती वस्ती ज्या केप फ्लॅट्सवर आहे, तो सगळा पट्टाच वाळूचा. दारातली वाळू उपसायची आणि गोणीत भरायची. ट्रकचे भाडे नाही, वीट नाही. आपल्या पायाखाली मुरूम आणि काळा पाषाण. इथे वाळू म्हटली की खाडीच आठवते, आणि उपशामुळे मुंब्रा-रेतीबंदर ते काल्हेरपर्यंत खाडीकाठाचे काय झाले हे ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. शिवाय ती खारट. क्षार हवेतली ओल ओढून घेतात, प्लास्टरखालची जाळी गंजते आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पोपडे धरतात. खाणीची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण तिचे पैसे मोजल्यावर स्वस्ताईचा मुद्दा बराचसा संपतो.

म्हणून भरायला मुरूम घ्यावा. तो दमट करून ठोकला की घट्ट बसतो, वाळूसारखा गोणीत सरकत राहत नाही. काळी माती मात्र अजिबात नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओल किती असावी हे मुठीत कळते: लाडू वळून छातीच्या उंचीवरून सोडावा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर कोरडा, नुसता चपटा झाला तर पाणी जास्त. खालच्या चार-पाच थरांत पाच टक्के सिमेंट मिसळावे. आणि अगदी तळाच्या दोन थरांत मुरूम नव्हे, खडी भरावी, म्हणजे जोत्यातली ओल वर चढत नाही. हे दोन थर गवंडी हमखास विसरतो, कारण त्याला खडी वेगळी मागवावी लागते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, तेच धरून हिशेब मांडतो. ५ बाय ५ मीटरची खोली, भिंत २.७ मीटर उंच. दारे-खिडक्या वजा जाता भिंत ४६ चौरस मीटर राहते. ठोकून बसलेली गोणी ४० सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि १० जाड धरली तर चौरस मीटरला २५ गोण्या, म्हणजे एकूण ११५० आणि फाटतील त्या वेगळ्या. एका गोणीचे वजन १९ किलोच्या आसपास, एक माणूस उचलू शकेल इतके. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या फुकट मिळतात, पण त्या पूर्ण भरू नयेत. बिगारी दुपारपर्यंत थकतो आणि थर वाकडे जातात. मुरूम ठोकल्यावर बसतो, तेव्हा सैल मापाने साडेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. पायाच्या खोदाईत निघालेला माल भिंतीला पुरेल ही आशा नको, तो जोत्याच्या भरावातच जातो. बाहेरून आणाल तर रॉयल्टीची पावती मागा.

वाचतात त्या विटा, सुमारे पाच हजार. सिमेंट फारसे वाचत नाही, हे माहितीपत्रकात कोणी सांगत नाही. विटांच्या घराला बांधकाम आणि प्लास्टर मिळून २२ गोण्यांच्या आसपास सिमेंट जाते. इथे जाड प्लास्टरलाच १७ गोण्या जातात, थरांतले मिश्रण धरले तर दोन्हींत जवळजवळ बरोबरी होते.

छताचा भार गोण्यांनी नव्हे, सांगाड्याने घ्यायचा. केपटाउनच्या पद्धतीत दोन लाकडी पट्ट्यांमध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नागमोडी पट्टी ठोकून तुळई करतात. आपल्याकडे ७५ बाय ५० मिलिमीटरचे दोन वासे २५ सेंटीमीटर अंतरावर पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडून एक खांब करता येईल. ९० सेंटीमीटरला एक असे साधारण २४ जोडखांब, खाली-वर आडव्या तुळया, छत सोडून सुमारे ३० घनफूट लाकूड. नवा साग परवडत नाही. पाडलेल्या चाळी-वाड्यांचा जुना साग मिळाला तर उत्तम, फक्त खिळे काढून आणि पोखरलेले तुकडे बाजूला करून. नीलगिरी स्वस्त आहे, पण ओली वापरली तर पिळवटते, फाटते. १५ टक्क्यांच्या आसपास ओल राहीपर्यंत सुकवून, दाबाखाली प्रक्रिया करून घेतल्याशिवाय ती लावू नये. नुसता ब्रश फिरवलेले औषध आत जात नाही.

खांबाचा पाय काँक्रीटमध्ये पुरणे ही या घरांतली सर्वांत महागडी चूक. तिथे पाणी साचते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून कुजतो. जोत्यावर बोल्ट केलेला गॅल्व्हनाइज्ड बूट (खांबाचा पाय धरणारी लोखंडी बैठक) वापरा आणि लाकूड जोत्यापासून दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा. वाळवीसाठी २० टक्के ईसी (पाण्यात मिसळणाऱ्या द्रवरूप) क्लोरपायरिफॉसचा एक लिटरला १९ लिटर पाणी या प्रमाणात द्राव करतात. जोत्याच्या भरावावर चौरस मीटरला पाच लिटर. फरशी घालण्याआधी हे झाले पाहिजे, नंतर फरशीला भोके पाडत बसावे लागते. हातमोजे आणि मास्क हवेत, विहीर जवळ असेल तर हे औषध नको.

कोपऱ्यांत तिरपे आधार हवेतच. २०१६ च्या भूकंप मानकात ठाणे परिसर झोन तीनमध्ये आहे, आणि चौरस मीटरला पावणेपाचशे किलोची भिंत तिरप्या आधाराविना एका हेलकाव्यात कलंडते. थरांमध्ये काटेरी तार आणि दोन्ही अंगांना कोंबडीजाळी, तीही खांबांना बांधलेली. नाहीतर मधला भाग पोटासारखा बाहेर येतो. जाळी एकूण १०० चौरस मीटर लागेल.

प्लास्टर दोन हातांत करावे: आधी एक-चारचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) जाळीत रुतणारा हात, मग सपाटीचा. बाहेरून ३० आणि आतून २० मिलिमीटर. पाणी सात दिवस मारावे, पण पाइपने नव्हे. ओली पोती टांगून. पाइपचे पाणी जाळीतून थेट मुरुमात जाते. प्लॅस्टिकच्या गोण्या उन्हात टिकत नाहीत, महिना-दोन महिन्यांत कडक होऊन चिरतात. म्हणून ताडपत्री हाताशी ठेवावी आणि दसऱ्यानंतर सुरू केलेले काम मार्चअखेर प्लास्टरसकट संपवावे. न्हाणीघराची भिंत मात्र विटांचीच करा. भिंतीत टाकी किंवा जड कपाट अडकवायचे असेल तर आधी आत लाकूड बसवा. मुरुमात खिळा धरत नाही.

आपल्याकडच्या पावसात जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर उंच आणि वळचण ७५ ते ९० सेंटीमीटर बाहेर हवी. पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीच्या तळाशी बसतात आणि नुकसान तिथूनच सुरू होते. खर्च कमी करायचा म्हणून वळचण आखडणारे घरमालक काही वर्षांत त्याच पैशांनी प्लास्टर नवे करतात.

गारव्याबद्दल फार मोठी आश्वासने देऊ नयेत. जाड भिंत दिवसाची उष्णता रात्री सोडते, पण ठाण्याच्या दमट हवेत मे महिन्यात रात्रही फारशी उतरत नाही. तेव्हा समोरासमोर खिडक्या आणि छताखाली हवेला वाट, यांचा उपयोग भिंतीच्या जाडीपेक्षा जास्त. आवाज आणि आग या बाबतीत मात्र भिंत खरोखर चांगली.

हे तळमजल्याचे घर आहे. पुनर्विकासातल्या इमारतींशी त्याचा संबंध नाही. घरकुलाच्या अनुदानात ते बसेल असेही नाही, विशेषतः लाकूड विकत घेतल्यास. ग्रामपंचायतीकडे नकाशा देताना सांगाड्याच्या आकृतीवर संरचना अभियंत्याची सही घ्यावी, आणि कर्ज काढणार असाल तर पाया खणण्याआधी बँकेला ही पद्धत दाखवून लेखी होकार मिळवावा.

एक स्थापत्य अभियंता,
कळवा, ठाणे