तासिका संपते, कॉपी उरते

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. रात्री पान सोडायचं आणि आठवड्यातले तीन दिवस सकाळी एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या मुलांना शिकवायचं, असं गेली नऊ वर्षं चाललंय. तिथे मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे सीएचबी. जेवढे तास वर्गात उभा राहिलो तेवढ्यांचे पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. मानधन उशिरा मिळतं ही तक्रार घेऊन आपल्याकडे पुष्कळ जण येत असतील. मला दुसरंच सांगायचंय, मुलांची कॉपी, म्हणजे त्यांनी लिहिलेली बातमी, तपासण्याबद्दल.

कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहा ककार फळ्यावर अर्ध्या तासात लिहून होतात. मुलं ते पाठ करतात, 'बातमीची व्याख्या सांगून तिचे प्रकार स्पष्ट करा' या प्रश्नावर चार पानं भरतात आणि पास होतात. यातलीच काही मुलं आमच्या डेस्कवर येतात. नगरपालिकेच्या सभेची दोनशे शब्दांची बातमी लिहायला सांगितली, तर पहिल्या वाक्यात व्यासपीठावर कोण कोण होतं त्याची यादी. पाणीपट्टी वाढली हे सर्वांत खाली. मुलांना मी बोल लावत नाही. त्यांच्या कॉपीवर आजवर कुणी लाल पेन चालवलेलंच नसतं.

पूर्वी हे काम डेस्क करायचा. मी शिकलो तो एका तिरसट वृत्तसंपादकांच्या हाताखाली. माझ्या पहिल्या बातमीतला फक्त 'दरम्यान' त्यांनी ठेवला होता, आणि नंतर तोही खोडला. आता आमच्याकडे मुद्रितशोधक ही जागाच उरलेली नाही, आणि एकेक उपसंपादक तीन-तीन पानं लावतो. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.च्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आहेत, ती मुलं आमच्याकडे येतातही. महिनाभर प्रेसनोटा टाइप करतात आणि प्रमाणपत्रावर शिक्का घेऊन परत जातात. त्यांची कॉपी घेऊन बसायला इथे कुणालाच सवड नसते. म्हणजे शिकायची जागा एकच उरली, विद्यापीठाचा वर्ग.

आता साधा हिशेब बघा. माझ्या वर्गात चाळीस मुलं. प्रत्येकाने आठवड्याला तीनशे शब्दांची एक बातमी लिहायची, आणि मी ती त्याच्यासमोर बसून तपासायची. एका कॉपीला पंधरा मिनिटं धरली तरी दहा तास होतात. या दहा तासांना कुठल्याच बिलात रकाना नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तपासलं जातच नाही. शेवटी फाइल जमा होते, पहिल्या पानावर सही होते आणि अंतर्गत गुण पडतात.

त्या पंधरा मिनिटांत काय होतं? गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने 'गावात तीव्र पाणीटंचाई' असं लिहून आणलं. तीव्र म्हणजे किती, एवढंच विचारलं. गडी गप्प. मग टँकरच्या फेऱ्यांची नोंद कुठे असते ते सांगितलं. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा बातमीत 'तीव्र' नव्हतं. वहीत चार फेऱ्या होत्या आणि गावातल्या बाया दोनच सांगत होत्या. ग्रामसेवकाचं म्हणणं घेतलंस का, असं विचारून मी त्याला पुन्हा पाठवला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी एका विद्यार्थिनीने लिहिली. "सर, नाव दिलेलं नाही," ती आधीच म्हणाली. नाव नव्हतंच. गाव होतं, शाळा होती, मुलगी कितवीत शिकते ते होतं आणि वडिलांचं दुकान कुठल्या चौकात आहे तेही होतं. पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नावाइतकंच पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर हे सगळं छापायला मनाई आहे. हे कलम तिला तोंडपाठ होतं, 'माध्यमविषयक कायदे' या पेपरात तिला उत्तम गुण होते. आपण लिहिलेल्या चार ओळींत ते मोडलं जातंय हे तिला दिसलं ते मी एकेका शब्दाखाली रेघ मारली तेव्हा. वर्ग दुसऱ्या तुकडीला हवा होता म्हणून आम्ही जिन्यात बसलो होतो.

हल्ली मुलं यंत्राकडूनही बातमी लिहून आणतात. शुद्धलेखन चोख, माणूस एकही नाही. त्यावरही माझ्याकडे एकच इलाज आहे, समोर बसवून विचारायचं: कुणाशी बोललास?

दर ६ जानेवारीला पत्रकार दिनी बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री पुढे १८३४ पासून एल्फिन्स्टनमध्ये शिकवतही होते. 'दर्पण' १८४० पर्यंत चालला, म्हणजे कित्येक वर्षं अंक आणि वर्ग एकाच माणसाच्या हातात होते. आज तसं करू बघणाऱ्याला तासिकेचा दर पाहून घरचे लोक वेड्यात काढतात.

अभ्यासक्रम अभ्यास मंडळं ठरवतात, त्यात आपण पडावं असं मी म्हणत नाही. पण तासिका तत्त्वावरच्या मानधनाचा दर शासन निर्णयाने ठरतो, आणि तो आपल्या खात्यातून निघतो. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला वर्गाच्या बॅच पाडतात, प्रत्येक बॅचचा वेळ कार्यभारात धरतात. आमचं प्रात्यक्षिक कागदावर होतं, एवढाच फरक. पत्रकारितेत विद्यार्थ्यासमोर कॉपी तपासण्याचा वेळ प्रात्यक्षिक म्हणून कार्यभारात धरावा, वीस मुलांमागे एक बॅच असावी, आणि विनाअनुदानित तुकड्यांनाही हे बंधनकारक करावं. बऱ्याच ठिकाणी हा विषय विनाअनुदानितच चालतो, त्यामुळे शेवटचा मुद्दा गाळला तर पहिल्या दोघांचा उपयोग नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या पानावर आठ कॉलमी मथळा होता. मथळ्याखालच्या बातमीत मला दोन चुका सापडल्या. लिहिणारा माझाच जुना विद्यार्थी, ज्या वर्षी मी कॉपी तपासणं सोडून दिलं होतं त्या वर्षातला.

आपला,
एक उपसंपादक आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक

ता.क. : हे पत्र आधी याच्या दुप्पट होतं. वर्गात वाचून दाखवलं, तर पोक्सोच्या बातमीवाल्या त्याच मुलीने माझं पेन मागून घेतलं.