कयाक शिकवणारा कोण, हे आधी विचारा

सुट्टीच्या शिबिरांत मुले कयाक (लहान, अरुंद होडी) वल्हवायला शिकतात, ही आनंदाची गोष्ट. पण शिकवतो कोण, हे आपण सोलापूरचे पालक फारसे विचारत नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, तरीही नाही!

ब्रिटनमध्ये ‘पॅडल यूके’ ही अशा वल्हवण्याच्या खेळांची संस्था प्रशिक्षकाला वल्हवता येते एवढ्यावर समाधान मानत नाही. प्रथमोपचार आणि बालसुरक्षा या दोन्हींचे प्रशिक्षण त्याला ठरावीक मुदतीनंतर पुन्हा घ्यावे लागते. मला यातली बालसुरक्षा अधिक महत्त्वाची वाटते. ओले कपडे बदलायची जागा, मुक्कामी शिबिर, प्रशिक्षकाचे मुलांना थेट जाणारे मोबाइल संदेश, इथे मूल एकटे सापडू शकते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. किती प्रशिक्षकांना हे ठाऊक असेल?

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने अशा शिबिरांकडून प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागवावी व ती पालकांना पाहू द्यावी. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही शिबिराच्या जागी ठळक लिहिलेला हवा.

– एक पालक, जुळे सोलापूर