मॉस्कोहून आई-बाबांना पत्र

मॉस्को, ७ एप्रिल १९९१

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वर्तमानपत्रांत येते तशी टंचाई येथे खरोखर आहे का, असे बाबांनी विचारले आहे. टंचाई आहे. दुकानात शिरताच ‘शेवटचे कोण?’ असे विचारून त्या माणसामागे उभे राहायचे, काय शिल्लक आहे ते पाहून गल्ल्यापुढच्या दुसऱ्या रांगेत पैसे भरायचे आणि पावती घेऊन पुन्हा पहिल्या ठिकाणी यायचे. तोवर पुष्कळदा लोणी संपलेले असते. साखर तर कुपनावरच मिळते. २ एप्रिलपासून सरकारनेच भाव वाढवले असून दोन रुबल किलोचे मांस सात रुबलांवर गेले आहे आणि १९६१ पासून पाच कोपेक असलेले मेट्रोचे भाडे पंधरा कोपेक झाले आहे. बटाटे, कोबी आणि काळा पाव यांवर माझे व्यवस्थित भागते, तेव्हा आईने काळजी करू नये.

माझा जीव तुटतो तो आमच्या वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या आजींसाठी. २२ जानेवारीला रात्री नऊच्या बातम्यांत पन्नास आणि शंभर रुबलांच्या नोटा मध्यरात्रीपासून रद्द झाल्याचे जाहीर झाले. बदलून घेण्यास अवघे तीन दिवस होते. आजींनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी पन्नासाच्या नोटा रुमालात बांधून ठेवल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत ताटकळत त्यांनी त्या बदलून आणल्या खऱ्या, पण या भाववाढीत ती पुंजी कितीशी पुरणार? बाबा, १९७८ साली आपल्याकडेही नोटा रद्द झाल्या होत्या, परंतु हजाराची नोट आपल्या घरात कधी आलीच नव्हती. येथे मात्र घाव साध्या माणसांच्याच गाठोड्यावर बसला, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

१७ मार्चच्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी सोव्हिएत संघराज्य टिकावे असा कौल दिला, पण सहा प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कारच घातला. माझी लिथुएनियाची वर्गमैत्रीण जानेवारीत तिच्या राजधानीत, विल्निअसला, झालेल्या गोळीबारापासून या विषयावर कोणाशीही बोलत नाही.

पुण्याहून कोणी इकडे येणार असेल, तर त्यांच्याबरोबर अर्धा किलो चहा पाठवावा. हत्तीचे चित्र असलेली भारतीय चहाची पुडी येथे सर्वांच्या आवडीची, पण दुकानांत ती हल्ली दिसत नाही. चहा आजींना द्यायचा आहे. त्या दुधाशिवाय पितात, म्हणून भुकटी नको, मोठी पत्ती असावी.

तुमची,
नंदा