गोल्या, पोरीला बॅकलाच खेळू दे

परभणी,
रविवार, दुपार

प्रिय गोल्या,

स. न. वि. वि. लिहिलं तर तू हसशील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. परवा फोनवर तू इतका तापला होतास की मला तोंडच उघडू दिलं नाहीस. "कोचनं चिमीला फॉरवर्डवरून काढून स्टॉपर केलं, पोरीचं वाटोळं केलं!" अरे, वाटोळं कसलं? फुटबॉलात स्टॉपर म्हणजे गोलपुढं उभा राहून अडवणारा मधला बॅक. तू जन्मभर गोलकीपर. तुझ्यापुढं उभं राहणाऱ्याची किंमत तुला नाही कळायची तर कुणाला?

तुला पुणे एफसीचा स्टॉपर अनस एडाथोडिका आठवतोय का? मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा तू दोन-तीनदा आलास आणि आपण बालेवाडीला पुणे एफसीच्या मॅचला गेलो. तू गोल कधी होतोय म्हणून घड्याळ बघायचास, मी त्या स्टॉपरकडं बघत बसायचो. तो अंगावर जायचाच नाही रे. एक खांदा पुढं, एक पाय मागं, अर्धं अर्धं पाऊल सरकत तो समोरच्याला लाइनीकडं घेऊन जायचा, बुजरा बैल हळूहळू बांधाकडं वळवावा तसा. लाइन आली की फॉरवर्डला जायला जागाच नसायची. बॉल बाहेर. टाळी कुणी वाजवायचं नाही. तूही नाही वाजवलीस.

तो मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा. घरची ओढाताण, पोरवयात रिक्षा चालवलेली. 2007 ला मुंबई एफसीत आला, 2011 ला पुण्यात. आणि भारताकडून पहिली मॅच कधी? 2017 ला, कंबोडियाविरुद्ध. वय 30! त्या वयात फॉरवर्डला लोक "आता बास कर" म्हणायला लागतात. बॅकचं तसं नसतं. पळ थोडी कमी झाली तरी चालतं, कारण कुठं पळायचंच नाही हे तोवर कळलेलं असतं.

पण सगळं गोडच सांगत नाही तुला. 2019 चा आशिया कप. भोगीचा दिवस होता, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन मी टीव्हीपुढं बसलेलो. बहरीनशी बरोबरी झाली असती तरी आपण पुढं गेलो असतो. पहिल्या पाच मिनिटांतच अनस खाली बसला. दुखापत. उठून बाहेर गेला तेव्हा माझा दुसरा घाससुद्धा झाला नव्हता. बाकीच्यांनी नव्वद मिनिटं धरून ठेवलं आणि वरच्या जादा मिनिटांत बहरीनला पेनल्टी मिळाली. 1-0 नं हरलो. त्यानंतर लगेच त्यानं राष्ट्रीय संघातून निवृत्ती सांगून टाकली. नंतर परत बोलावलं म्हणून आला, ते वेगळं. पण ती रात्र मला गेली नाही. एवढी वर्षं वाट बघून मिळालेलं, आणि ते असं पाच मिनिटांत मांडी दाबत बाहेर.

पैशाचं विचारलंस. खरं सांगू का, हमी कशाचीच नाही. त्याचे महाराष्ट्रातले दोन्ही क्लब, मुंबई एफसी आणि पुणे एफसी, पुढं बंद पडले. खेळाडूचा गुडघा सांभाळला तरी मालकाचं मन कोण सांभाळणार? म्हणून चिमीचं शिक्षण सोडू नका, एवढं वहिनींना माझ्या वतीनं सांग. आणि "मुलींचं यात काय" असं जे तुझे मेहुणे म्हणायलेत, त्यांना सांग की मणिपूरची आशालता देवी 2024 मध्ये भारताकडून 100 आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली महिला झाली. आणि ती डिफेंडरच आहे.

आता खरं कागद कामून घेतला ते.

नांदेडची फायनल. आपण दहावीत. पावसानं काळ्या मातीचा नुसता रबडा, बुटाला शेर शेर चिखल. शेवटची काही मिनिटं, तो बारका लेफ्ट विंगर माझ्याकडं आला. तू मागून ओरडलास, "थांब, घुसू नको!" मी घुसलो. लांबून घसरत गेलो. पंचानं पेनल्टी दिली, तू धावून त्याच्या अंगावर गेलास, पिवळं कार्ड घेतलंस. परत येताना एसटीत सगळे पंचाला शिव्या घालत होते आणि मीही घालत होतो. इतकी वर्षं आपण दोघं हेच सांगत आलो, की बॅलूनं बॉलच मारला होता, पंचानं खाल्लं.

गोल्या, बॉलला माझा पाय लागलाच नव्हता. त्याच्या नडगीचा टक् आवाज मी ऐकला होता. सगळा दोष घाईचा. आणखी दोन पावलं मी त्याच्यासंगं नुसता सरकलो असतो तर तो कॉर्नरच्या झेंड्याला जाऊन अडकला असता.

चिमीला हे तू सांगू नकोस. तुम्ही जानेवारीत हुरड्याला याल तेव्हा मैदानावर नेऊन मीच दाखवीन, गुडघा चालला तर. तिला म्हणावं बूट घेऊन ये, इथली जमीन तोवर भेगाळायला लागते, बॉल कुठंही उडतो, पाय बघून टाकावा लागतो. आणि तिच्या मॅचला "गोल कधी मारणार?" असं बाहेरून ओरडू नकोस, हात जोडतो.

तुझा,
बॅलू

ता. क. त्या पिवळ्या कार्डाबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर फोनवर नको, शेतात दे. आई कानानं अजून टकाटक आहे.