तिसऱ्या माळ्यावरच्या मावशीस

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. गिरणी संप म्हटलं की 18 जानेवारी 1982, अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत एवढं लोकांना पाठ असतं. लालबाग-परळच्या खाणावळवाल्या बायका कुणाला आठवत नाहीत.

संप लांबला आणि आमचं घर उसवत गेलं. बाबा शेती बघतो म्हणून गावी गेले. आधी पत्रं यायची, मग तीही थांबली. दादा नाक्यावरच्या पोरांत रमला. आणि आईने शिवाजी पार्काला ब्लॉक घेतला. म्हणजे ती तसं नळावर सगळ्यांना सांगायची. बाबांना गिरणीत बढती मिळालीय, गणपतीनंतर राहायला जायचं. जुनी लुगडी फाडून वितीने मोजत ती ब्लॉकच्या खिडक्यांना पडदे शिवायची. आमच्या खोलीला खिडकी एकच, तीही गॅलरीत उघडणारी.

बायका मुद्दाम विचारायच्या, "काय गं, फोन बसला का ब्लॉकात?" आई गंभीरपणे सांगायची, "पुढच्या आठवड्यात." त्या पदरात तोंड लपवून हसायच्या.

तू हसली नाहीस. तिला खोटंही पाडलं नाहीस. म्हणालीस, "जायला अवकाश आहे ना, तोवर माझ्या चपात्या लाटून दे." दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोळपाटासमोर बसली. ब्लॉकच्या गप्पा चालूच, पण हात थांबत नव्हते. तिच्या कामाचे पैसे तू दादाला न देता माझ्या हातावर ठेवायचीस. दहावीच्या परीक्षेची फी त्यातूनच भरली.

तेव्हा तुझं तरी काय बरं चाललं होतं? निम्मे जेवणारे गावी गेलेले, उरलेल्यांची उधारी वहीत. प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळालं, नाहीतर सावकाराने मला कधीच खाल्लं असतं, असं तू म्हणायचीस. त्या ओढाताणीत तू आणखी एक माणूस कामाला ठेवलंस. (आज मन असं भरकटलं तर 14416 वर टेली-मानसला फोन करता येतो. तेव्हा 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हटलं की विषय संपायचा.)

आईने ब्लॉक कधी सोडला नाही. पण एका दिवाळीत ते पडदे तिने तुझ्या खाणावळीत आणून दिले. लुगड्याचे काठ उलटसुलट शिवलेले, लांबी कुठेच जुळत नव्हती. जेवायला बसलेले हसले, तशी तू ओरडलीस, "ब्लॉकातले पडदे आहेत, खरकटे हात लावाल तर बघा!" आणि सगळ्यांदेखत दाराला टांगलेस.

त्याचे आभार सगळ्यात जास्त.

तुझी,
खालच्या माळ्यावरची पोर